सरपंचाचं वेळापत्रक मृगापासून उलटं मोजा

सकाळी सातला पहिला फोन येतो: "सरपंचानू, वरच्या वाडीत पाणी येवक नाय." मग रस्त्यावरचा दिवा, शेजाऱ्याची गुरं, कुणाचा तरी दाखला. दुपारी एकपर्यंत दहा कामं होतात आणि पाखाडीचं (उतारावरच्या पायऱ्यांच्या वाटेचं) अंदाजपत्रक टेबलावर तसंच पडून राहतं. गावाचा कारभार सांभाळणाऱ्याचा वेळ जातो तो असा. त्यात आळशीपणा नसतो, जो ओरडतो त्याचं काम आधी होतं इतकंच.

1954 साली अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी एका भाषणात तातडीचं आणि महत्त्वाचं यांतला फरक सांगितला. त्यावरून पुढे व्यवस्थापनाच्या वर्गांत चार चौकोन काढून, तातडीचं आहे का आणि महत्त्वाचं आहे का यावरून कामं त्यांत वाटायची पद्धत पडली. चौकोन वाईट नाहीत, पण कोकणातल्या ग्रामपंचायतीला ते अपुरे पडतात. इथे आणखी एक प्रश्न विचारावा लागतो: हे काम कधीपर्यंतच होऊ शकतं? मृग लागला, 7-8 जून उलटला की अर्धी कामं थेट दिवाळीवर जातात, मग ती कितीही महत्त्वाची असोत.

पाखाडीचंच घ्या. काँक्रीट घातल्यावर किमान सात दिवस पाणी मारावं लागतं. मे महिन्यात गावात प्यायलाच पाणी नसतं, तिथे पाखाडीवर कोण मारणार? म्हणून मेमध्ये घाईने ओतलेल्या पायऱ्या पहिल्या दोन पावसांतच उखडतात आणि खापर ठेकेदारावर फुटतं. पावसात चिरेखाणी (जांभ्या दगडाच्या खाणी) बंद, आंब्याच्या दिवसांत मजूर बागांमध्ये. म्हणजे काँक्रीटचं काम जानेवारी-फेब्रुवारीतच व्हायला हवं. त्यासाठी कार्यारंभ आदेश डिसेंबरअखेर हातात हवा. त्याआधी तांत्रिक आणि प्रशासकीय मान्यता, त्याआधी अंदाजपत्रक, त्याआधी ठराव. असं मागे मोजत गेलं की ठरावाची सभा ऑगस्टमध्ये येऊन बसते, म्हणजे भर पावसात, पाखाडीची आठवणही कुणाला नसताना. वर्षातली मोठी तीन-चार कामं अशी उलटी मोजून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने मांडायची. चारपेक्षा जास्त घेऊ नयेत. दहा घेतली की एकही धड होत नाही.

दुसरी नेमकी वेळ चाकरमान्यांची, म्हणजे मुंबईला नोकरीला असलेल्या गावकऱ्यांची. पाइपलाइन किंवा विहिरीसाठी जागा लागते, आणि सातबारा उघडला तर सामाईकात पंचवीस-तीस नावं. निम्मे मुंबईत, काही वारलेले, वारस नोंदी नाहीत. ही संमतिपत्रं फोनवर मिळत नाहीत. सगळे भाऊबंद एका ओटीवर बसतात ते गणपतीत नाहीतर शिमग्यात. म्हणून जुलैमध्येच सातबारा काढून नावांची यादी करायची, संमतिपत्रं लिहून तयार ठेवायची आणि ऋषिपंचमीला दुपारी, आरतीच्या आधी, घरी जायचं. आदल्या दिवशी घरात प्रतिष्ठापनेची गडबड असते. गौरी-गणपतीचं विसर्जन झालं की दुसऱ्या दिवसापासून गाड्या मुंबईच्या दिशेला लागतात. एक दिवस चुकला की वर्ष गेलं.

घरपट्टीही त्याच फेरीत. सप्टेंबरअखेर भरली तर 5 टक्के सूट असते आणि चतुर्थी त्याच्या आत येतेच. 2026 मध्ये ती 14 सप्टेंबरला आहे, म्हणजे हाताशी जेमतेम दोन आठवडे. बिलं तयार नसतील तर "पुढच्या वेळी देतो" हे ऐकून परत यायचं. मार्चमध्ये बंद घरांच्या कुलपांना नोटिसा चिकटवण्यापेक्षा हे केव्हाही सोपं.

वनराई बंधारा म्हणजे मातीने भरलेल्या गोण्या रचून ओढ्यावर घातलेला तात्पुरता बांध. त्याची वेळ तर आणखी अरुंद. भात झोडून झालेलं असतं, आंब्याची फवारणी जोरात सुरू व्हायची असते आणि वहाळात (ओढ्यात) पाणी अजून वाहतं असतं, ते दिवस नोव्हेंबरअखेर ते डिसेंबरचा मध्य. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या मात्र बांधकामांवरून आधी दोन महिने जमवत राहावं लागतं. श्रमदानाला पंचवीस माणसं आली आणि गोण्या चाळीसच, असं झालं की पुढच्या वर्षी माणसं येत नाहीत.

आता रोजचं. जन्म-मृत्यूचे दाखले, नमुना 8 चा (घराच्या नोंदीचा) उतारा ही ग्रामसेवकाची कामं (कागदावर तो आता ग्रामपंचायत अधिकारी, बोलण्यात ग्रामसेवकच). त्याच्याकडे बहुधा दोन-तीन गावं असतात, म्हणून त्याचे आपल्या गावचे वार दारावर लिहून लावा. निम्मे फोन तिथेच थांबतात. पाणी शिपायाला वॉशर आणायलाही सरपंचाला विचारावं लागत असेल तर ते काम त्याला दिलेलंच नाही. मासिक सभेत किरकोळ खर्चाची मर्यादा ठरवा, पावती सक्तीची करा आणि बाजूला व्हा. तालुक्याची फेरी पूर्ण दिवस खाते, तेव्हा आठवड्यातून एकच, चार कामं एकत्र करून, आणि निघण्याआधी अभियंता जागेवर आहे का हे विचारूनच.

दोन गोष्टींना मात्र प्राधान्यक्रम लावत बसायचं नाही. पहिली मासिक सभा. तिच्या नोटिशीला तीन पूर्ण दिवस लागतात आणि सबळ कारणाशिवाय सभा घेतली नाही तर सरपंचपदावर गदा येऊ शकते. वर्षभराच्या तारखा एप्रिलमध्येच ठरवून टाकाव्यात. दुसरी डिजिटल सही. वित्त आयोगाच्या पैशातून बिल अदा करायला सरपंच आणि ग्रामसेवक दोघांचीही लागते. तिची मुदत संपल्याचं हमखास मार्चच्या शेवटच्या आठवड्यात कळतं, तेव्हा सर्व्हरही रडत असतो. मुदतीची तारीख जानेवारीत बघून घ्या.