चष्म्याचा स्क्रू आणि आजोबांचा दोरा

चष्मा मोडला की पहिली पंचाईत ही, की तो दुरुस्त करायलाच चष्मा लागतो. त्यातही न्याय सारखा नाही. उणे चार नंबरवाल्याला २५ सेंटीमीटरवरचं नुसत्या डोळ्यांनी लख्ख दिसतं. तो बिजागरी नाकाजवळ धरून कामाला लागतो. चाळिशीवाल्याचं नेमकं तेवढंच अंतर गेलेलं असतं. त्याने मोबाइलचा कॅमेरा झूम करून डब्यावर टेकवावा, नाहीतर घरातलं एखादं पोर हाताशी धरावं.

सर्वांत जास्त निसटतो तो काडीचा स्क्रू. काडी रोज उघडमीट करते, त्या हेलकाव्याने तो केसाकेसाने वर येतो आणि एक दिवस सांडतो. जाडी साधारण १.४ मिलिमीटर, म्हणजे फरशीवर पडला की गेलाच. म्हणून आधी ताटात पांढरा नॅपकिन अंथरा आणि त्यावरच काम करा. चुंबकाच्या भरवशावर राहू नका, कित्येक स्क्रू त्याला चिकटत नाहीत. काडी अर्धी उघडून बिजागरीची भोकं जुळवा, टाचणी घालून रेषेत आहेत का बघा, मग स्क्रू वरून सोडा. आटे सहसा फक्त खालच्या पाकळीत असतात. वर स्क्रू अडला तर भोकं जुळलेली नाहीत एवढाच त्याचा अर्थ. तिथे जोर केलात की आटे गेले. शेवटच्या फेऱ्याआधी आट्यांवर बिनरंगी नेलपॉलिशचा ठिपका लावला तर पुन्हा सुटायला वेळ लागतो. स्क्रू हरवलाच असेल, तर वायरमधली तांब्याची एक तार ओवून दोन्ही टोकांना पीळ द्या. दिसायला गबाळं, पण चष्मेवाल्याचं दुकान उघडेपर्यंत निभावतं.

भिंग निखळलं असेल तर धातूच्या फ्रेममध्ये काम सोपं: काडीच्या मुळाशी कडं आवळणारा वेगळा स्क्रू असतो, तो सैल करून भिंग खाचेत बसवायचं. गोल फ्रेम असली तर मात्र जपून. सिलिंडरचा, म्हणजे एका ठरावीक दिशेतच काम करणारा, नंबर असलेलं भिंग १० अंश फिरलं, की त्या नंबरातला तिसरा हिस्सा वाया जातो. ३० अंश फिरलं तर सिलिंडर असून नसल्यासारखा. म्हणून भिंग अजून जागेवर असेल तर काढण्याआधी भिंगावर आणि फ्रेमवर मार्करने एक जुळती खूण करून ठेवावी.

आता फेविक्विक. मोडकं दिसलं की हात आधी तिकडेच जातो, आणि तिथेच घोटाळा होतो. या जातीच्या गोंदाची वाफ दमट हवेत भिंगावर पांढरी साय धरते. पावसाळ्यात तर जास्तच. पुसायला अ‍ॅसिटोनचं नेलपॉलिश रिमूव्हर घेतलंत, तर पॉलिकार्बोनेट या प्लॅस्टिकच्या भिंगाला बारीक तडे जातात. आणि एवढं करूनही सांधा ठिसूळच. नाकावरचा पूल चष्मा काढताघालताना प्रत्येक वेळी वाकतो, ते वाकणं त्या गोंदाला सोसत नाही. फ्रेम अ‍ॅसिटेट या प्लॅस्टिकची असली तर भिंगं बाहेर काढून तेच अ‍ॅसिटोन दोन्ही तुटक्या कडांना थेंबभर लावा, कडा मऊ झाल्या की दाबून धरा आणि रात्रभर हात लावू नका. प्लॅस्टिक प्लॅस्टिकात विरघळून जुळतं. हलक्या, लवचीक नायलॉनच्या फ्रेमला मात्र ना अ‍ॅसिटोन लागू पडत, ना गोंद धड धरत.

बिजागरीच तुटली असेल, तर आजोबांचा दोरा बरा. त्याची थट्टा बरीच झाली, पण दोरा वाकतो आणि गोंद वाकत नाही, एवढा हिशोब आजोबांना बरोबर कळला होता. मेण लावलेला शिवणाचा दोरा काडी आणि फ्रेम यांच्यामध्ये इंग्रजी आठच्या आकड्यासारखा आठ-दहा वेळा फिरवा, गाठ बाहेरच्या बाजूला घ्या, नाहीतर ती कानशिलाला टोचते. काळ्या फ्रेमला काळाच दोरा वापरा. पांढरा लांबूनही दिसतो.