खुरांच्या ठशांवरून नर-मादी : नागझिऱ्यातली एक पौर्णिमा

बुद्ध पौर्णिमेच्या रात्री पाणवठ्याजवळच्या मचाणावर बसून प्राण्यांची नोंद करण्याचा उपक्रम महाराष्ट्राचा वन विभाग अनेक वर्षांपासून राबवतो. वाघांची अधिकृत गणना आता कॅमेरा ट्रॅपवर होत असल्याने या नोंदींना पूर्वीचे वजन उरलेले नाही. परंतु ज्याला हरणांचे ठसे वाचायचे आहेत, त्याच्यासाठी ही रात्र मोलाची आहे, कारण चांदण्यात जो प्राणी दिसतो त्याचाच ठसा सकाळी चिखलात सापडतो. ठशावरून हरणाचा नर कोणता आणि मादी कोणती हे सांगता येते, असे जंगलात हिंडणारे अनेक जण ठामपणे म्हणतात. ते कितपत खरे, हे पाहण्यासाठी मी नागझिऱ्याला गेलो.

साकोलीपर्यंत महामार्ग आणि तिथून आत वळून पिटेझरीचे प्रवेशद्वार, असा सरळ रस्ता आहे. १९७० साली अभयारण्य झालेले हे जंगल २०१३ च्या डिसेंबरात नवेगावसह व्याघ्र प्रकल्पात समाविष्ट झाले. मे महिन्यात ऐन, धावडा, तेंदू सगळे उन्हाने तापलेले असतात आणि नाले कोरडे पडतात, त्यामुळे उरलेल्या मोजक्या पाण्यावर सारे जंगल गोळा होते.

आमच्या वाट्याला आलेला पाणवठा आटत आला होता आणि त्याच्या कडेने हात-दीड हात रुंदीचा ओला चिखलाचा पट्टा उघडा पडला होता. मचाणावर चढण्याआधी सोबतच्या वनरक्षकाने पळसाची फांदी तोडून त्या पट्ट्यावरचे जुने ठसे पुसून टाकले. ‘‘भाऊ, जुने-नवे एकात मिसळले की मग काहीच सांगता येत नाही,’’ असे तो म्हणाला, आणि पट्टा पुसून होईपर्यंत त्याने मला पाण्याजवळ फिरकू दिले नाही.

दिवस मावळायच्या आत चितळांचा कळप पाण्यावर आला. चितळाच्या नरांची शिंगे या दिवसांत पूर्ण वाढलेली आणि टणक असतात, मध्य भारतात त्यांचा माजाचा भरही याच सुमारास असतो, त्यामुळे नर ओळखण्यात अडचण नव्हती. सांबराची गोष्ट निराळी. सांबराचे नर साधारण मार्चअखेरीपासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत शिंगे गाळतात, त्यामुळे मे महिन्यात बिनशिंगी किंवा मखमली कोंब फुटलेला नर सर्रास दिसतो. चांदण्यात असा नर आणि थोराड मादी यांत फरक करणे अवघड जाते. त्या रात्री आधी पाडसासह एक मादी येऊन गेली आणि नंतर बऱ्याच उशिरा एक एकटे, जाड मानेचे, बिनशिंगी सांबर आले. ते नर असावे असा आमचा अंदाज होता. ठसा काय सांगतो, ही उत्सुकता तिथेच निर्माण झाली.

उजाडल्यावर खाली उतरून आम्ही पहिल्यांदा जे हरणाचे नव्हते ते बाजूला काढले. रानडुकराच्या ठशात मुख्य खुरांच्या मागे दोन्ही बाजूंना वरखुरांच्या, म्हणजे पायाच्या मागे थोड्या वर असलेल्या लहान खुरांच्या, खुणा बाहेर फाकलेल्या दिसतात. हरणाची वरखुरे खोल चिखलात किंवा उधळलेल्या धावेतच उमटतात. गव्याचा ठसा मोठा आणि गोलसर असतो, त्यामुळे त्याचा घोटाळा होत नाही. नीलगाय मात्र फसवते, कारण तिचा आणि सांबराचा ठसा मापाने बराच जवळ येतो.

आकारावरून लिंग ठरवण्याची पद्धत सर्वांत सोपी आणि सर्वांत कच्ची आहे. चितळाचा नर खांद्यापाशी सुमारे ९० सेंटिमीटर उंच असतो, मादी सुमारे ७०. वजनात ७० ते ९० किलो विरुद्ध ४० ते ६० किलो असे अंतर पडते. तरीही खुराची लांबी चारपासून सहा सेंटिमीटरपर्यंतच फिरते आणि या एवढ्याशा पट्ट्यात तरुण नर आणि प्रौढ मादी एकमेकांवर सहज येऊन बसतात. त्यात पुढचे खूर मागच्यापेक्षा मोठे असतात. म्हणजे सुट्या पडलेल्या दोन ठशांची तुलना करताना एक पुढचा आणि दुसरा मागचा निघाला, तर एकाच जनावराचे नर आणि मादी असे दोन प्राणी होतात! खुराचे टोक बोथट असले की नर, अणकुचीदार असले की मादी, हा नियमही मी ऐकून होतो. पण मुरमाड, खडकाळ जमिनीवर चालून प्रत्येकाचेच टोक झिजते, म्हणून मी त्याला फारशी किंमत देत नाही.

खरी माहिती एका ठशात नसून चालीत असते. युरोपातील लाल हरणांचा माग काढणाऱ्यांचा जुना आडाखा असा, की नराची छाती रुंद व पुढचा भाग जड असल्याने त्याचे पुढचे पाय फाकून पडतात आणि मागच्या खुराचा ठसा पुढच्याच्या किंचित आतल्या अंगाला, बहुधा थोडा मागेच राहतो. मादीचे कटिर रुंद असल्याने तिच्या मागच्या खुराचा ठसा पुढच्याच्या बाहेरच्या अंगाला सरकतो. चिखलात पाडसासह आलेल्या सांबरीची वाट अखंड उमटली होती. वनरक्षकाने काडी धरून दाखवले: प्रत्येक जोडठशात, म्हणजे पुढच्या खुराच्या ठशावर मागचे खूर पडून झालेल्या ठशात, मागच्या खुराची बाहेरची कड पुढच्या ठशाला ओलांडून बोटभर बाहेर गेली होती. आजूबाजूला पाडसाची इवलीशी खुरे वाटेल तशी धावली होती, आणि मादी ओळखायला खरे तर तेवढा पुरावाही पुष्कळ होता.

एकट्या सांबराची वाट वेगळी होती. पावले लांब, डावी-उजवी ओळ एकमेकींपासून दूर, पुढची खुरे बाहेर वळलेली आणि मागचे ठसे आत. मला यातले विशेष हे वाटले, की डोक्यावर शिंगांचा भार नसतानाही चाल नराचीच राहिली होती. तेव्हा शिंगांच्या वजनापेक्षा छातीच्या बांध्याला अधिक महत्त्व द्यावे, असे माझे मत झाले. अर्थात एका वाटेवरून नियम करता येत नाही, आणि हे जनावर नरच होते याला आमचा रात्रीचा अंदाज सोडल्यास दुसरा साक्षीदार नव्हता.

तो मिळाला परतीच्या वाटेवरच्या धुळीत. तेच सांबर त्या वाटेने गेले होते आणि एका जागी थांबून मुतले होते. ओल्या धुळीचा खळगा पुढच्या आणि मागच्या ठशांच्या मधोमध होता. मादी मागचे पाय वाकवून बसते, तिचा खळगा मागच्या खुरांपाशी किंवा त्यांच्याही मागे पडतो. शरीररचनेवर आधारलेली ही खूण आकाराच्या आणि चालीच्या सगळ्या आडाख्यांपेक्षा पक्की आहे.

वाघाच्या बाबतीत नराचा पंजा चौकोनी आणि मादीचा लांबट, असे मानून वनाधिकारी सरोज राज चौधुरी यांनी १९६६ मध्ये मांडलेल्या पद्धतीने देशात कित्येक वर्षे गणना झाली; तीवर आक्षेप आले आणि २००६ पासून कॅमेरे आले. मऊ पंजाच्या, नेमाने एकाच वाटेने फिरणाऱ्या प्राण्याची ही गत, तर कळपाने येऊन एकमेकांचे ठसे तुडवणाऱ्या चितळांकडून किती अपेक्षा ठेवावी? पाणवठ्याच्या ज्या कडेला कळप उभा होता, तिथल्या चिखलातून मला एकही नर वेगळा काढता आला नाही. त्या नरांची खूण मिळाली ती थोड्या अंतरावर, एका खालच्या फांदीखाली: मागच्या खुरांचेच दोन खोल ठसे, पुढच्यांचा मागमूस नाही. चितळाचा नर मागच्या पायांवर उभा राहून डोके आणि शिंगे फांदीवर घासतो. पाल्यासाठी मादीही अशी उभी राहते, म्हणून वर पाहावे लागते. इथे पाने खाल्लेली नव्हती, डहाळ्या मोडून लोंबत होत्या.

वनरक्षकाने नोंदवहीत सांबराच्या रकान्यात नर एक, मादी एक, पाडस एक असे लिहिले. चितळांचे आकडे त्याने आदल्या संध्याकाळच्या प्रत्यक्ष मोजणीवरूनच घेतले. कडेला भेकराचे तीन सेंटिमीटरभर लांबीचे काही ठसे होते. त्यांच्यापुढे त्याने लिंगाचा रकाना मोकळा ठेवला आणि वही मिटली.