घरकोंबडं कबूतर

आमच्या गॅलरीत एसीच्या डब्यामागे पारव्यांची एक जोडी राहते. मी चिमटे फेकून पाहिले, काठी आपटली, जुन्या सीड्या टांगल्या. आता त्यातला एक जण सीडीत तोंड बघून घुमत असतो. हुसकावलं की समोरच्या टाकीवर जायचं, मी आत वळलो की परत यायचं, एवढंच त्यांचं चालतं.

या चिकटपणावर सैन्यांनी लढाया रेटल्यात, हे मला अलीकडेच नीट उमगलं. इतके दिवस वाटायचं, कबूतर म्हणजे पोस्टमन. पत्ता सांगा, पोचवून येतं. तसं काही नसतं. त्याला पत्ता एकच ठाऊक, स्वतःच्या ढाबळीचा. म्हणून त्याला आधी टोपलीत घालून घरापासून लांब, थेट आघाडीवर न्यायचं. बोर्डिंगात टाकलेलं पोर दार उघडं दिसताच घराकडे धूम ठोकतं, तसं तेही सुटतं. पायाला नळीत चिठ्ठी कुणी बांधली, त्यात काय लिहिलंय, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. लढाई आपली, ओढ त्याची.

ऑक्टोबर १९१८. फ्रान्समधल्या आर्गोनच्या जंगलात मेजर व्हिटलसी यांची अमेरिकन तुकडी जर्मनांच्या वेढ्यात अडकली होती. त्यात भर म्हणजे त्यांचेच तोफगोळे त्यांच्यावर पडू लागले. व्हिटलसींनी घाईघाईनं लिहिलं, आमचाच तोफखाना आमच्यावर मारा करतोय, देवासाठी थांबवा. टोपलीत कबूतर उरलं होतं एक. सोडलं, तर ते जवळच्याच झाडावर जाऊन बसलं! वर गोळे पडतायत आणि खाली सैनिक त्याला दगड मारून हाकलतायत. शेवटी एकानं झाडावर चढून फांदी हलवली, तेव्हा कुठे ते उडालं. पुढे ‘शेर आमी’ नावाचं कबूतर छातीत गोळी घेऊन, लोंबत्या पायानं ढाबळीत पोचल्याची गोष्ट जगभर गेली. तो निरोप त्यानंच नेला का, यावर अभ्यासक अजून भांडतात. पेंढा भरलेला शेर आमी मात्र वॉशिंग्टनच्या संग्रहालयात एका पायावर उभा आहे.

मला त्या पराक्रमापेक्षा झाडाची फांदीच जास्त आवडते. गोळ्यांच्या पावसात ‘जरा टेकतो’ म्हणणारा तो पक्षी मला ओळखीचा वाटतो.

आपल्याकडे ओडिशा पोलिसांनी १९४६ मध्ये लष्कराकडून दोनशे कबुतरं घेऊन टपाल सुरू केलं. १९४८ मध्ये संबलपूरहून नेहरूंचा निरोप कटकला गेला तो कबुतराच्या पायातून. १९९९ च्या महाचक्रीवादळात तारा-खांब आडवे झाले, तेव्हाही हीच कबुतरं कामी आली.

रविवारी जाळीवाला आला. टेप काढली, मापं घेतली, एसीच्या मागे डोकावला आणि टेप गुंडाळून खिशात टाकली.

“काका, दोन अंडी आहेत. पुढच्या महिन्यात फोन करा.”