बोक्याने भिजवलेला झब्बा

गेल्या आषाढात आमच्या बोक्याने इस्त्रीसाठी खुर्चीवर काढून ठेवलेल्या खादीच्या झब्ब्यावर निवांतपणे आपला कार्यभाग उरकला आणि मी घाईघाईने तो झब्बा कढत पाण्याच्या बादलीत बुडवला. तीच माझी पहिली चूक. मांजराच्या मूत्रात प्रथिने असतात आणि गरम पाण्याने ती धाग्यांत घट्ट बसतात. त्यामुळे जो डाग कदाचित अर्ध्या तासात निघाला असता, तो पिवळट कडेसह कायमचा वस्तीला आला. वास मात्र गेला असे वाटले. चार दिवसांनी पावसाची झड लागली आणि कपाट उघडताच तो पुन्हा नाकात शिरला. मूत्रातील युरिक आम्लाचे क्षार पाण्यात जेमतेम विरघळतात, म्हणून साध्या धुण्याने ते निघत नाहीत आणि दमट हवेत त्यांचा वास पुन्हा डोके वर काढतो.

दुसऱ्या खेपेस, म्हणजे पांढऱ्या सुती ओढणीच्या वेळी, मी शहाणपणाने वागले. आधी जुन्या पंच्याने ओल दाबून टिपली, घासली अजिबात नाही, कारण घासल्याने डाग पसरतो. मग डागाची उलटी बाजू वर करून नळाच्या गार पाण्याची धार सोडली, म्हणजे घाण ज्या वाटेने आत शिरली त्याच वाटेने बाहेर पडते. एक भाग पांढरे व्हिनेगर आणि दोन भाग पाणी यांत ओढणी अर्धा तास ठेवली, स्वच्छ खळबळली आणि शेवटी एन्झाइमयुक्त, म्हणजे प्रथिने तोडणारे घटक असलेल्या, धुण्याच्या पावडरीत रात्रभर भिजवली. खरे काम या पावडरीनेच होते, आणि त्याला वेळ द्यावा लागतो. सुकलेल्या कापडाला वास येत नाही म्हणून फसू नये. डागाची जागा किंचित ओली करून, मुठीत धरून ऊबदार झाल्यावर हुंगावी, आणि खात्री पटेपर्यंत इस्त्री फिरवू नये.

लोकर आणि रेशीम ही स्वतःच प्रथिने असल्यामुळे हीच पावडर त्यांचे धागे झिजवते. पैठणीवर प्रयोग करण्यापेक्षा ती ड्रायक्लीनिंगला दिलेली बरी. क्लोरीनचे ब्लीच तर मुळीच ओतू नये, कारण मूत्रातील अमोनियाशी किंवा व्हिनेगरशी संयोग होऊन त्यातून विषारी वायू सुटतो. फिनेलही नको: त्यातील फिनॉल मांजराच्या यकृताला नीट पचवता येत नाही, आणि मांजर तर अंग चाटल्याशिवाय राहत नाही.

इतके करूनही बोका वारंवार कपड्यांवरच कार्यभाग उरकायला बसत असेल, तर त्याच्याकडे नीट पाहावे. तो कुंथतो आहे आणि थेंबही येत नाही असे दिसले, तर मूत्रमार्ग तुंबल्याची शक्यता असते. अशा वेळी धुणे तसेच बादलीत राहू द्यावे आणि तत्काळ पशुवैद्य गाठावा.