खारीचं कोडं सुटलं, पिकाचा वाफा पाणी धरू लागला

मंडळी, गच्चीवर समुद्राच्या पाण्यापासून मीठ पिकवायचा माझा खटाटोप चालू आहे. त्यातला पिकाचा वाफा, म्हणजे ज्यात शेवटी मीठ धरतं तो, गळतोय एवढं रडगाणं लिहून मध्ये गप्प बसले होते. आता बोलण्यासारखं काहीतरी हाती आलंय. वाफा पाणी धरतोय. काल संध्याकाळी पाण्यावर पहिला पापुद्रा धरला आणि आज सकाळी बांबूच्या पाटीत तांब्याभर मीठ निथळायला ठेवलं. रंग अजून मळकट आहे, पण ते मीठच आहे आणि अमळनेरच्या गच्चीवर पिकलंय.

मांडणी तीच: तीन वाफे, एकाखाली एक, पाणी आपसूक उतरत जाईल असे. यिम तिन त्साइच्या मिठागराचे फोटो पाहून आखलेले. हाँगकाँगच्या साय कुंगजवळचं ते चिमुकलं बेट, हाक्का लोकांच्या चान घराण्याचं गाव. बाहेरच्या स्वस्त मिठापुढे त्यांचं मीठ टिकलं नाही. 1990च्या दशकापर्यंत गावही रिकामं झालं, आणि मग जुन्याच रहिवाशांच्या पुढच्या पिढीने चर्च दुरुस्त केलं, आगर पुन्हा बांधलं. 2015 साली युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार त्या कामाला मिळाला. त्यांच्याकडे समुद्र दारात आहे. माझ्याकडे वलसाडच्या बाजूने ओळखीच्या टेम्पोतून येणारे निळे ड्रम आहेत. साधं समुद्राचं पाणी आणत नाही, कारण ते तीन-साडेतीन बोमेचं असतं (बोमे म्हणजे खाऱ्या पाण्याचा दाटपणा मोजायचं माप) आणि मीठ धरायच्या आधी त्याचा जवळपास दहावा भाग उरावा लागतो. म्हणजे नऊ ड्रम नुसती वाफ वाहून आणायची. आगरातूनच चौदा-पंधरा बोमेपर्यंत आटलेलं पाणी घेते. डिझेलचा हिशोब त्याशिवाय बसतच नाही.

आता मूळ दुखणं.

पिकाच्या वाफ्याचं तळ मातीचंच हवं, हा माझा हट्ट तुम्हाला ठाऊक आहे. शेततळ्याच्या 500 मायक्रॉन कागदावर थेट पाणी ओतलं तरी मीठ येतं, चांगलं येतं, पण मग तो गच्चीवर टब वाळवण्याचा उद्योग झाला. (कागद माझ्याकडेही आहे, पण मातीखाली, कडा वर वळवून. खाऱ्या पाण्यातलं क्लोराइड स्लॅबच्या सळया खातं. गच्चीवर करणाऱ्यांनी यात काटकसर करू नये.) माती कुठली, यावर आमच्या घरात मतभेद असण्याचं कारणच नव्हतं. खानदेशात धाब्याची, म्हणजे मातीच्या सपाट छपराची, घरं ज्या मातीने शेकडो पावसाळे कोरडी राहिली ती खारी. पावसाळ्याच्या तोंडावर बैलगाड्या भरभरून खारी आणायची आणि धाब्यावर पसरायची, हे अप्पांच्या लहानपणीचं नेहमीचं काम. अप्पा तर हसलेच. "खारीनं धाबं कधी गयस का?" (गळतं का कधी?)

आणि खरंच, नळाचं पाणी भरून ठेवलं तर खारीचा थर थेंब सोडत नव्हता. शेजारी तेवढ्याच खोलीचा प्लास्टिकचा टब ठेवला होता, दोन्हींत स्टीलची पट्टी उभी. टबातलं पाणी फक्त उन्हाने कमी होतं. वाफ्यातलं त्यापेक्षा जास्त उतरलं तर तो फरक म्हणजे गळती. गोड्या पाण्यात दोन्ही पट्ट्या बरोबरीने चालल्या. मग मधल्या वाफ्यातलं बावीस बोमेचं पाणी सोडलं आणि पहिल्या रात्रीपासून वाफा पळू लागला. सकाळी कागदाच्या कडेला डबकं. खारीचा थर वाढवला, पुन्हा चोपला, भेगा बुजवल्या. गोडं पाणी भरलं की शहाणा, खारं भरलं की चाळणी. ऊन कमी होतं म्हणावं तर रात्रीही पातळी उतरत होती.

उत्तर शेवटी स्वयंपाकघराच्या ओट्यावर मिळालं. काचेच्या दोन बरण्या घेतल्या, दोन्हींत मूठभर खारी. एकीत फिल्टरचं पाणी, दुसरीत ड्रममधलं. ढवळून ठेवल्या. फिल्टरच्या पाण्याची बरणी दुसऱ्या दिवशीही चहासारखी गढूळ. खाऱ्या पाण्याच्या बरणीत मात्र जेवण उरकेपर्यंत वर नितळ पाणी आणि खाली भुसभुशीत गाळाचा जाड थर; बरणी कलती केली की त्यात पाण्याच्या बारीक वाटा स्पष्ट दिसायच्या. मी बराच वेळ त्या वाटाच बघत बसले.

शेतीवाले ज्या जमिनीला चोपण म्हणतात, तिच्यात नेमकं हेच चालतं. मातीच्या कणांना सोडियम चिकटलेला असतो. वरून पावसाचं गोडं पाणी आलं की कण एकमेकांपासून सुटतात, फुगतात आणि प्रत्येक बारीक छिद्रात जाऊन बसतात. पाणी खाली उतरत नाही. शेतकरी वैतागतो, धाब्याखाली झोपणारा खूष. पण पाण्यातच मीठ भरपूर असेल तर तेच कण गोळा होतात, आखडतात आणि गोळ्यांच्या मध्ये वाटा उघड्या पडतात. त्यात समुद्राच्या पाण्यातलं मॅग्नेशियम आणि कॅल्शियम थोड्याफार सोडियमला हुसकावून स्वतः बसू शकतात, म्हणजे फुगण्याची शक्ती आणखी कमी. बेंटोनाइट घ्या असं सुचवणाऱ्या दोघांसाठी: तीही फुगणारीच माती आहे, तिचीही हीच गत होते. पोतं मागवायला निघाले होते, वाचले.

तर खारी पावसासाठी उत्तम, आगरासाठी तशीच वापरली तर कुचकामी. तशीच, यावर जोर. फुगवून बसवलेली माती खाऱ्या पाण्यात आखडणार असेल, तर बसवायच्या आधीच आखडून घेतली तर? खारी आणि बोरी नदीच्या काठचा बारीक गाळ निम्मा-निम्मा घेतला आणि नळाच्या पाण्याऐवजी ड्रममधल्या पाण्यानेच मळला. हाताला वेगळीच लागते ती. लोण्यासारखी सुटत नाही, थोडी खरबरीत, हट्टी. बोटभर जाडीचे थर एकावर एक, प्रत्येक थर आधी अनवाणी पायांनी तुडवून मग चोपण्याने चोपून. (पायाला चिरा असतील तर हे काम दुसऱ्याला सांगा.) अंगठा दाबला तर ठसा उमटू नये इतकं सुकलं की पुढचा थर. भेगा पडल्या, पण केसाएवढ्या.

यावर आणखी एक युक्ती, ती स्लोव्हेनियाच्या सेचोव्ल्ये आगरातून उचललेली. तिथे वाफ्याच्या तळावर शेवाळ, जिप्सम आणि चिकणमाती यांचा पातळ थर मुद्दाम पोसतात. त्याला ते पेतोला म्हणतात. चौदाव्या शतकात पाग बेटावरच्या मिठवाल्यांकडून ही पद्धत त्यांनी घेतली असं सांगतात. त्या थरामुळे मीठ मातीला लागत नाही आणि पाणीही मुरत नाही. शेवाळ पोसायला माझ्याकडे वर्षं नाहीत, पण जिप्सम फुकट मिळतं: चौदा-पंधरा बोमेला ते आपोआप खाली बसायला लागतं. म्हणून पिकाच्या वाफ्यात एकदम तेज पाणी न सोडता ड्रममधलं पाणीच भरून तसंच आटू दिलं. तळाला राखाडी, नखाने खरवडली तर कुरकुरणारी पापडी धरली. सगळी छिद्रं तिने बुजवली असणार. मग मधल्या वाफ्यातलं तेज पाणी सोडलं. टबाची पट्टी आणि वाफ्याची पट्टी आता एकाच रेघेवर आहेत. अप्पांना दाखवलं, ते म्हणाले, खारीच आहे ना शेवटी?

पहिल्या पापुद्र्याबद्दल थोडं लाड करून लिहिते, चालवून घ्या. दिवसभर गरम वारा असतो तेव्हा दाणे तळाशीच बारीक बारीक बसतात. काल वारा सहाच्या सुमारास पडला आणि पाण्यावर टाचणीच्या डोक्याएवढे चौकोन तरंगायला लागले. भिंगातून पाहिलं तर प्रत्येक चौकोन मधे पोकळ, कडांना पायऱ्या, जणू इवलीशी बारव. बोट पाण्याला लावलं की बुडतात. लाकडी फळीने अलगद ओढून थोडे वेगळे काढले, ते संध्याकाळच्या भरतावर गेले. भरिताची वांगी या दिवसांत बेताचीच, पण तो कुरकुर आवाज वेगळाच.

हत्यारांबद्दल. ऑनलाइन मागवलेला बोमे हायड्रोमीटर कपाटात गेला आहे. तो साधारण पंधरा अंश तापमानासाठी आखलेला, आणि दुपारी माझ्या वाफ्यातलं पाणी हाताला चटका देतं, त्यामुळे आकडा कमी दाखवतो. वर विक्रेत्याने तक्ता पाठवला तो साखरेच्या ब्रिक्सचा. तक्रारीला उत्तर म्हणून कूपन आलं. त्यापेक्षा बॅटरीच्या दुकानातला ॲसिड तपासायचा हायड्रोमीटर घ्या. काट्याला 1.21 दिसलं की मीठ धरतं, 1.25च्या आसपास उरलेलं पाणी काढून टाकायचं. पाणी आधी वाटीत काढून निववून मोजायचं, आणि लगेच गोड्या पाण्याने विसळायचं, नाहीतर आत दाणे धरून काटा अडकतो. लोखंडी फावडं तर बघूसुद्धा नका. सुताराकडून कडुलिंबाची फळी घेतली, दांड्याला खिळ्याऐवजी सुतळी.

धूळ हा दुसरा ताप. इथे मे महिन्यात वावधन उठतं तेव्हा अख्ख्या शिवाराची काळी माती गच्चीवर येते. हिरवी शेडनेट लावून पाहिली. धूळ थांबते पण ऊनही थांबतं. जुनं मलमलचं लुगडं दोरीवर पडद्यासारखं लावलंय, वाऱ्याच्या बाजूलाच. गच्चीच्या उरलेल्या भागात बिबडे आणि कुरडया वाळताहेत, त्यामुळे सीमारेषा कडक आहेत. सासूबाईंचं पहिल्या दिवसापासून एकच: "हाई काय करी ऱ्हायनी व माय? मीठ दुकानवर भेटस ना!" काल मात्र बिबड्यांच्या पिठात माझं मीठ चालेल का, असं त्यांनी आडून विचारलं. मी हो म्हटलं, पण घरचं रोजचं मीठ आयोडिनचंच राहील हेही सांगितलं. विकत देशील का असं विचारणाऱ्यांनाही तेच: थेट खाण्यासाठी आयोडिनशिवायचं मीठ विकायला 2006पासून बंदी आहे. चवीला चिमूटभर घेऊन जा, तेवढंच.

आता मळकट रंगाचं. मूळ बेत होता की पुढच्या खेपेला जिप्समचा थर आणखी जाड करायचा. पण हे लिहिता लिहिताच तैवानच्या जिंगझीजियाओचं आगर आठवलं. ताइनानजवळ, 1818 सालचं, आणि त्याच्या वाफ्यांच्या तळाला चक्क फुटक्या मडक्यांच्या खापऱ्या जडवलेल्या आहेत. मीठ ओढताना माती वर येत नाही, खापरी तापते आणि पाणी लवकर आटतं. आता फुटक्या खापऱ्यांची कमतरता खानदेशात कधी पडली आहे का? मांडे भाजायचं खापर प्रत्येक घरात कधी ना कधी तडकतंच. माळ्यावरच दोन पडली आहेत, कुंभारवाड्यात भट्टीत फुटलेल्या मालाचा ढीग वेगळा. तेव्हा जिप्समचा बेत रद्द. पिकाच्या वाफ्याचा अर्धा भाग खापऱ्यांचा, अर्धा तसाच, म्हणजे शेजारी शेजारी तुलना होईल. बाक असलेले तुकडे पालथे बसवायचे. खालची माती ओली असतानाच, आणि अर्थात खाऱ्या पाण्याने मळलेली.

कडवटपणा अजून थोडा आहे. उरलेल्या पाण्यातलं मॅग्नेशियम दाण्यांना चिकटून राहतं. सध्याच्या कोरड्या हवेत ते कळत नाही, मीठ सुटसुटीत दिसतं. पण पहिल्या पावसाच्या दमट हवेत बरणीत पाणी सुटणार हे नक्की. म्हणून पाटीतलं मीठ साध्या पाण्याने न धुता, मीठ विरघळायचं थांबेल इतक्या तेज खाऱ्या पाण्याने धुतेय. त्यात मीठ विरघळत नाही, कडू तेवढं निघून जातं. धुतलेलं आणि न धुतलेलं अशा दोन बरण्या झाकणं सैल ठेवून फळीवर ठेवल्या आहेत.

घाईचं कारणही हवाच. हवेतली आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की मिठाने तृप्त झालेलं पाणी आटतच नाही, उलट हवेतून पाणी ओढतं. म्हणजे मृगाच्या सरींआधी जेवढं काय होईल तेवढं. एका ड्रममध्ये अजून निम्मं पाणी आहे, टेम्पोवाल्याची पुढची खेप ठरायची आहे. नंदुरबार-नवापूरच्या बाजूचं कोणी सुरतेकडे रिकाम्या गाडीने येत-जात असेल तर कळवा, ड्रम माझे, भाडं अर्धं-अर्धं. आणि खापऱ्या बसवताना सांधे कशाने भरले, याचा कोणाला अनुभव असेल तर या आठवड्यातच सांगा. चुना भरावा असं मनात आहे, पण तो खाऱ्या पाण्यात टिकेल का याची शंका वाटते. म्हणून आधी एका परातीत चार तुकडे बसवून बघणार आहे.