दुखवट्याच्या घरातला स्वयंपाक : माझा अनुभव

मामा गेला तेव्हा तासगाव तालुक्यातल्या आमच्या आजोळी स्वयंपाकाचं सगळं माझ्याकडं आलं. भावकी सुतकात, मामाच्या घरची चूल बंद, आणि मी भाचा म्हणजे सुतकाबाहेरचा, त्यात पुण्यात रूमवर हातानं करून खाणारा, मग आईच म्हणाली तूच उभा राहा.

पहिल्या दिवशी काही करावं लागत नाही, माती देऊन आल्यावर शेजारनं कडू घास येतो, पिठलं-भाकरी. खरी पंचाईत दुसऱ्या दिवसापासनं, कारण भेटायला येणारी माणसं सांगून येत नाहीत, पंधरा जणांची डाळ टाकावी तर बाराला कवठेमहांकाळवरनं टेम्पो भरून पाहुणे दारात. मग मी ठरवलं, आपण भात आणि आमटी एवढंच बघायचं, भाकरीला हात लावायचा नाही. भाकरी गल्लीनं पुरवली, घरटी चार-पाच, फडक्यात बांधून बुट्टीत आणून टाकायच्या, कुणाची शाळूची कुणाची बाजरीची. तांदूळ किलोला आठ-नऊ माणसं धरायची, रानातनं आलेले गडी असले तर सातच. डाळ घट्ट शिजवून ठेवायची आणि शेजारच्या शेगडीवर आधणाचं पाणी कायम उकळत ठेवायचं, माणसं वाढली की ओतायचं.

वाद झाला फोडणीवरनं. थोरली मावशी म्हणाली दहाव्यापर्यंत फोडणी नाही, म्हणजे नाही. मामाचा पोरगा म्हणाला, "आत्ती, बारकी पोरं जेवंनात ओ असल्या पाण्यासंगं." शेवटी लसूण, हिरवी मिरची, जिरं, मीठ ठेचून डाळ उकळतानाच आत टाकलं, वरनं कोथिंबीर, तेलाचा थेंब नाही. मावशी काही बोलली नाही, दोनदा आमटी मागून घेतली. मला स्वतःला तो नियम पटतो, तळण-फोडण्या करत बसायची ताकद त्या दिवसांत घरातल्या बायकांत नसतेच. पण नियम सांगणारे आयत्या पाटावर बसून सांगतात ते डोक्यात जातं.

आणि चहा! जेवणापेक्षा चहाच जास्त लागतो, सकाळी सहापासनं कोरा चहा चालू. साखर जास्तच आणून ठेवा, वाण्याकडं पळायला ऐनवेळी कुणी सापडत नाही.

मामी जेवतच नव्हती. ताट पुढं ठेवलं की बाजूला सारायची. मग मी मऊ भात कालवून वाटी तिच्या हातात दिली, नातवाला भरव म्हटलं, तो तिच्याशिवाय कुणाकडनं खात नाही. त्यानं मधेच एक घास तिच्या तोंडात कोंबला, तेवढा गेला. पुढं रोज तेच करत राहिलो.

रक्षाविसर्जन नदीवर केलं नाही, पोरांनी बांधावर खड्डे काढून रक्षा टाकली आणि आंब्याची रोपं लावली, गावात आता बरेच जण असंच करतात.

तेराव्याचं गोड जेवण मात्र आचाऱ्याला सांगितलं. अख्खं गाव जेवायला असतंय, ते आपल्या पातेल्याचं काम नव्हे. मी मंडपवाल्याची भांडी मोजून घेतली आणि वाढायला उभा राहिलो.