चार गेली, चार आली

आईशी फोनवर बोलताना मला मधेच थांबावं लागतं. "एक मिनिट हं आई," म्हणते आणि दोघीही गप्प बसतो. छपरावरून आवाज जातो, कपाटातले काचेचे पेले एकमेकांना लागून किणकिणतात, मग तिकडून आई विचारते, "गेलं का गं?" आता तिला याची इतकी सवय झाली आहे की बराच वेळ काही ऐकू आलं नाही तर तीच म्हणते, "आज तुमची विमानं नाहीत वाटतं?" मग मी सांगते, "अगं, आज शनिवार."

इंग्लंडच्या पूर्वेला सफक नावाचा परगणा आहे. तिथे लेकनहीथच्या हवाई तळाजवळच्या एका गावात आम्ही २०१९ पासून राहतो. तळाच्या फाटकावर नाव ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्सचं आहे, पण आत अमेरिकेचं हवाई दल आहे. त्यांची ४८ वी फायटर विंग, म्हणजे लढाऊ विमानांचा ताफा, १९६० साली फ्रान्समधून इथे आली, ती आजतागायत इथेच आहे. पाच मैलांवर मिल्डनहॉलचा दुसरा तळ. तिथून हवेतल्या हवेत इंधन भरणारी मोठी टँकर विमानं उडतात. आजूबाजूला रेताड जमीन, गारगोट्या, पाइनची झाडं आणि ससे. एरवी इतका शांत मुलूख की रात्री स्वतःचा श्वास ऐकू यावा.

पहिल्या सोमवारी सकाळी मी अंगणात कपडे वाळत घालत होते. आकाश फाटल्यासारखा आवाज झाला आणि मी ओला टॉवेल डोक्यावर धरून खाली बसले. मुलगा तेव्हा दोन वर्षांचा होता, तो घरात रडायला लागला. कुंपणापलीकडून शेजारीण धावत आली. आता पन्नाशीला आलेली, याच गावात जन्मलेली बाई. तिने आधी मला उठवलं, मग म्हणाली, "आवाजाकडे बघू नकोस. आवाज येतो तिथे ते नसतंच. त्याच्या बरंच पुढे बघ."

हे तिला तिच्या वडिलांनी शिकवलं होतं. हिशेब सोपा आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो आणि वेगात असलेलं विमान २५० मीटरच्या आसपास. तीन किलोमीटरवरून निघालेला आवाज आपल्या कानाशी यायला जवळजवळ नऊ सेकंद लागतात, आणि तेवढ्यात विमान दोन किलोमीटर पुढे निघून गेलेलं असतं. इथली मुलं हा हिशेब मांडत नाहीत. त्यांची मानच तशी वळते. माझ्या मुलाचीही आता तशीच वळते, मला मात्र अजून आठवण करून घ्यावी लागते.

शेजारणीचं लहानपण एफ-१११ विमानांचं. १९७७ ते १९९२ या काळात ही लढाऊ विमानं इथे होती. त्यांचे पंख हलायचे. उड्डाणाच्या वेळी बाहेर पसरलेले, वेग घेतला की मागे सरकून अंगाला चिकटल्यासारखे. शाळेच्या मैदानावर ही सगळी मुलं हात फैलावून पळायची आणि वेग आला की हळूहळू हात मागे न्यायची. हे सांगताना ती माझ्या स्वयंपाकघरात उभी होती आणि तिने तसे हात करून दाखवले. खांदे किंचित पुढे, तळवे खाली, आणि मग दोन्ही हात एकाच लयीत मागे. चाळीस वर्षांनंतरही त्या हालचालीत कुठे अडखळणं नव्हतं.

शनिवार-रविवार विमानं सहसा नसायची, म्हणून वडील तिला शाळा सुटल्यावर सायकलवरून तळाच्या कुंपणाशी न्यायचे. एक लाकडी पायरी त्यांनी घरीच बनवली होती, तारेच्या वरून बघता यावं म्हणून. तिथे त्यांचा एक नियम होता. जेवढी गेली तेवढी परत आल्याशिवाय घरी जायचं नाही. पाऊस असो, भूक लागलेली असो. "चार गेली," ते म्हणायचे, आणि मग थर्मासमधला चहा पीत दोघं थांबायचे. हा नियम त्यांना त्यांच्या आईकडून आलेला.

त्या आजीचा काळ युद्धाचा. १९४२ पासून लेकनहीथहून ब्रिटिश हवाई दलाच्या १४९ व्या स्क्वाड्रनची, म्हणजे तुकडीची, स्टर्लिंग बॉम्बर विमानं उडायची. चार इंजिनं, आत सात-आठ माणसं. संध्याकाळी निघायची आणि रात्री उशिरा किंवा पहाटे परतायची. आजी अंथरुणात पडल्या पडल्या आवाज मोजायची. तेव्हा या भागातल्या कितीतरी घरांत असंच मोजत पडून राहायचे. आकडा कमी भरला तर सकाळी कुणी त्याबद्दल बोलायचं नाही.

न परतलेल्या एका विमानाचा वैमानिक इथे जवळच पुरलेला आहे. रॉडन मिडलटन, ऑस्ट्रेलियाचा, वय २६. नोव्हेंबर १९४२ मध्ये इटलीतल्या तुरिनवरच्या हल्ल्यात त्याचा चेहरा फुटला, उजवा डोळा गेला. तरी त्याने विमान आल्प्स ओलांडून, फ्रान्सवरून थेट इंग्लंडच्या किनाऱ्यापर्यंत आणलं. इंधन संपत आलं तेव्हा त्याने साथीदारांना उड्या मारायला सांगितलं. पाच जण वाचले. तो आणि आणखी दोघं गेले, विमान समुद्रात पडलं. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला. बेक रो गावच्या चर्चच्या आवारात त्याची कबर आहे. शेजारीण एकदा आम्हाला तिथे घेऊन गेली. मुलाने दगडावरचं नाव बोट फिरवत वाचलं. तेवढ्यात मिल्डनहॉलचा एक टँकर डोक्यावरून गेला. त्याने वर पाहिलं, पण बोट नावावरच ठेवलं.

आता कुंपणाबद्दल सांगते, कारण माझ्या मुलाचं अर्धं बालपण तिथे चाललं आहे. तो आता आठ वर्षांचा आहे. धावपट्टीच्या टोकाला, कुंपणाबाहेर झाडांजवळ लोक जमतात. ॲल्युमिनियमच्या छोट्या शिड्या, हातभर लांबीच्या लेन्स, वह्या. निवृत्त माणसं असतात, सुट्टी टाकून दूरवरून आलेली असतात, आणि आमच्यासारखी शाळा सुटल्यावर येणारी मायलेकरंही. कुणी कुणाचं नाव विचारत नाही, पण लहान मूल आलं की शिडी त्याला मिळते. मी त्याच्या कानांवर जाड हेडफोनसारखी झाकणं घालते. ती न घालता कुणीही लहान मुलाला इथे आणू नये, हे मी अगदी कळकळीने सांगते.

हल्ली इथे दोन जातींची विमानं आहेत. एफ-१५ई हे थोराड, दोन इंजिनांचं, दोन माणसांचं विमान. पुढे वैमानिक आणि मागे शस्त्रं, रडार सांभाळणारा अधिकारी. दुसरं एफ-३५, एका इंजिनाचं, एकाच माणसाचं. हे डिसेंबर २०२१ मध्ये आलं. शेपटीवर 'एलएन' अशी अक्षरं, म्हणजे लेकनहीथ. एफ-१५ई च्या शेपटीच्या टोकावर लाल पट्टा असेल तर ४९४ वी स्क्वाड्रन, निळा असेल तर ४९२ वी. हे मला मुलाने शिकवलं. डोळे मिटूनही तो दोन्ही ओळखतो. एफ-१५ चा आवाज भरीव, घरघरीचा. एफ-३५ चा एकच लोट, छातीच्या हाडावर कुणी तळहात दाबून धरावा तसा.

उड्डाणाआधी विमानं धावपट्टीच्या टोकाशी येऊन थांबतात. त्या वेळी हवेत एक वास येतो आणि तो आला की मी क्षणभर इथे नसतेच. रॉकेलचा वास. जेटचं इंधन शेवटी रॉकेलच्याच कुळातलं. पंप मारून पेटवायचा स्टोव्ह, त्याची निळी ज्योत आणि तो भर्रर्र आवाज, सगळं एका श्वासात परत येतं. मुलाला हे सांगितलं तर त्याला स्टोव्ह म्हणजे काय हेच माहीत नाही. त्याच्यासाठी हा वास विमानांचाच, आणि तो मोठा झाल्यावर कुठेतरी हा वास आला की त्याला ही झाडं, ही शिडी आठवेल.

मग आफ्टरबर्नर पेटतो. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तापलेल्या हवेत आणखी इंधन फवारून ते पेटवायचं, म्हणजे जादा जोर मिळतो. मागे केशरी-जांभळ्या ज्वाळेचा दांडा दिसतो, त्यात ठरावीक अंतरावर उजळ ठिपके. पायाखालची रेती हलते, हे मी वाढवून सांगत नाही.

परतणं मला जास्त आवडतं. विमान आधी धावपट्टीवरून सरळ जातं आणि मधेच कुशीवर होऊन जोरात वळतं. त्या वळणात वेग कमी होतो. दमट दिवस असेल तर पंखांवर क्षणभर पांढरं धुकं दाटतं आणि पुसलं जातं. मग चाकं बाहेर. एफ-१५ जमिनीला टेकल्यावरही बराच वेळ नाक वर धरून धावतं, हवेच्याच अडथळ्याने वेग कमी करत, आणि पुढचं चाक अगदी अलगद खाली ठेवतं.

एकदा एक विमान कुंपणाजवळून हळू जात होतं. मुलाने हात हलवला. मागे बसलेल्या माणसाचं तोंड मास्क आणि काळ्या काचेने पूर्ण झाकलेलं होतं. त्याने हातमोजा घातलेला हात वर केला आणि बोटं हलवली. एवढंच. मुलगा शिडीवरून उतरून माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "आई, आत माणूस आहे."

त्या वाक्यानंतर मला त्याच्याशी बाकीचंही बोलावं लागलं. ही विमानं कशासाठी आहेत, हे आईनेच सांगायला हवं असं मला वाटतं. शेजारणीने सांगितलेली १९८६ ची गोष्ट मी त्याला सांगितली. १४ एप्रिलच्या संध्याकाळी एफ-१११ एकामागून एक निघत राहिली. ती दहा वर्षांची होती, मोजता मोजता वीसच्या पुढे गेली आणि वडील पहिल्यांदाच म्हणाले, "चल, आज घरी जाऊ." विमानं लिबियावर हल्ला करायला गेली होती. फ्रान्स आणि स्पेनने आपल्या हद्दीवरून जाऊ दिलं नाही, म्हणून अटलांटिकवरून, जिब्राल्टरला वळसा घालून, वाटेत पुन्हा पुन्हा इंधन घेत, जाऊन-येऊन सुमारे तेरा तास. त्यातलं एक विमान आणि त्यातली दोन माणसं परतली नाहीत. आणि तिकडे त्रिपोलीत माणसं मेली, त्यांत साधे नागरिकही होते. "तिथे कुणी मोजत होतं का?" मुलाने विचारलं. मी म्हटलं, "हो. तिथेही घरोघरी मोजलं असणार." तो पुढे काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने कुंपणाशी जायचं आहे का हे विचारलं नाही. चार दिवसांनी विचारलं, आणि मी घेऊन गेले.

जून २०२० मध्ये तेव्हा इथे असलेल्या एफ-१५सी जातीचं एक विमान सरावाच्या वेळी उत्तर समुद्रात पडलं आणि तरुण वैमानिक गेला. लॉकडाऊनचे दिवस. बातमी आली तेव्हा शेजारीण तिच्या अंगणात आणि मी माझ्या, मधे दोन मीटर अंतर ठेवून, बराच वेळ नुसत्या उभ्या होतो.

गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट. चार एफ-१५ दुपारी गेली. थंडी बोचरी, ढग खाली आलेले. शेजारीणही आमच्याबरोबर होती. तासाभराने एक आलं, लगेच दुसरं, मग तिसरं. चौथ्याचा पत्ता नाही. इथे चार वाजायच्या आत सूर्य मावळतो. शिड्या मिटल्या, गाड्या निघाल्या. माझी बोटं बधिर झाली होती. "चल रे राजा, आलं असेल दुसरीकडून," मी म्हटलं. मुलगा शिडीवरून हलेना. शेजारणीने थर्मासचं झाकण उघडलं, तिघांना चहा ओतला आणि गप्प उभी राहिली.

ते आलं तेव्हा वळण वगैरे काही नव्हतं. लांबून दिव्यांचे ठिपके दिसले, ते मोठे होत सरळ धावपट्टीवर उतरले. आवाज नंतर आला.

गाडीत बसल्यावर आईचा फोन आला. तिकडे रात्रीचे दहा वाजत आले होते, ती आमच्यासाठी जागी होती. "इतका वेळ कुठे होतात गं? आली का सगळी?"

मुलाने माझ्या हातातून फोन घेतला. "चारही आली, आजी."

"बरं झालं," आई म्हणाली. "आता मी झोपते."